लोण्याचे डबे

टेम्पोवाल्यानं खाली उतरायचेही कष्ट घेतले नाहीत. खिडकीची काच अर्धी खाली केली, सासूच्या पायाशी ठेवलेल्या दुधाच्या कॅनकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही मावशी. वरून सांगितलंय. ज्या गोठ्यात फोड आलेत, तिथलं दूध गाडीत चढवायचं नाही."

"फोड सडांवर आलेत. दुधात आलेत का?"

"मला कशाला विचारता? मी नुसती गाडी चालवतो."

काच वर गेली. टेम्पो पुढच्या गोठ्यापाशी थांबला, तिथले कॅन चढले, आणि तो वळणावरून दिसेनासा झाला. सासू तिथंच उभी राहिली. गल्लीत तिला मागून सगळे फौजदार म्हणत, कारण ती कुणाचं ऐकून घेत नसे आणि तिला उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती. आज तिचं कुणी ऐकलं नव्हतं आणि हे दोन बायकांनी नळावरून पाहिलं होतं. तिनं कॅनची एक कडी धरली, मुलानं दुसरी, आणि भरलेला कॅन घेऊन दोघं परत गोठ्यात आले.

गोठ्यात सून धार काढत होती. गाई चारच, पण चौघींच्या सडांवर एकामागून एक रोग उतरला होता. आधी लाल ठिपके, मग पाणी धरलेले फोड, मग काळ्या खपल्या. बोट लागलं की गाय पाय झाडायची. धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, म्हणून दुखत असताना काढायची आणि दुखतंय म्हणून लाथा खायच्या. सुनेच्या नडगीवर निळे डाग पडले होते. उजव्या हाताच्या बोटावर, नखाच्या कडेला, एक फोड तिलाही आला होता. तिनं त्यावर चिंधी गुंडाळली होती.

शिंगमोडी सगळ्यात तापट. तिचं एक शिंग लहानपणीच दावणीत अडकून तुटलं होतं आणि त्याचा राग तिनं तेव्हापासून सगळ्यांवर काढला होता. सून तिच्या उजव्या अंगाला तिपाईवर बसली, डोकं तिच्या पोटाला टेकलं आणि सडाला हात घातला. शिंगमोडीनं पाय आपटला आणि शेणानं भरलेलं शेपूट फाडकन सुनेच्या तोंडावर मारलं. डाव्या डोळ्यावर. सुनेनं डोळा मिटला, चिंधी बांधलेल्या हाताच्या पाठीनंच तो चोळला आणि परत धार धरली. बादलीतला आवाज थांबला नाही.

"धुऊन घे तोंड," सासू दारातून म्हणाली.

"एवढी संपवते आई. पान्हा आटला की परत द्यायची नाही ही."

हे खरंच होतं. सासूनंच तिला ते शिकवलं होतं. आत जाऊन तिनं परत आलेलं दूध तापत ठेवलं.

डोळा आधी नुसता लाल झाला. मग पापणी सुजली, मग पापणीच्या कडेला तसलाच एक फोड आला, मध्ये खळगा असलेला, सडांवर होता तसा. गावातल्या कंपाउंडरनं थेंब दिले. थेंबांनी काही झालं नाही. सुनेला उजेड सोसेना, ताप चढला, कानापुढची गाठ लिंबाएवढी झाली. तेव्हा मुलानं शेजाऱ्याची गाडी मागितली आणि तिघं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि हळू बोलत. त्यांनी सुनेच्या डोळ्यात दिवा धरला, बोटावरची चिंधी सोडून पाहिली, आणि गाईंबद्दल एवढं बारकाईनं विचारलं की सासूला ही बाई गुरांची डॉक्टर आहे की काय असं वाटलं. मग त्या सासूकडे वळल्या.

"तुम्हीपण धार काढता?"

"आता ही आजारी पडल्यापासून मीच काढते. गुडघे वाकत नाहीत, पण करणार काय."

"हातावर काही आलं नाही?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिची बाही वर सारली. दंडावर जुनी, रुपयाएवढी, सुरकुतलेली खूण होती. लहानपणी शाळेत टोचलेल्या देवीच्या लशीची.

"ही तुम्हाला सांभाळतेय," त्या म्हणाल्या. "हिच्या वेळेपर्यंत ही लस बंद झाली होती. रोगच संपला ना, मग कुणी टोचेना. हा त्याच्याच भावकीतला, गुरांचा."

सासूनं सुनेच्या दंडाकडे पाहिलं. दंड गुळगुळीत होता. सून घरात आली तेव्हा अशा कितीतरी गोष्टी तिनं पाहून घेतल्या होत्या, उंची, दात, हाताला कामाची सवय आहे की नाही. हे पाहायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

औषध त्या दवाखान्यात नव्हतंच. ते त्या संपलेल्या रोगासाठी, तो कधी परत आलाच तर म्हणून, कुठंतरी साठवून ठेवलेलं होतं. तिथून मागवलं, सह्या झाल्या, आणि तिसऱ्या फेरीला पांढऱ्या बाटलीतून कॅप्सूल हातात आल्या. त्या कशा घ्यायच्या हे नर्सनं समजावलं. नर्स मोठ्या आवाजाची, हसरी बाई.

"रिकाम्या पोटी अजिबात नाही. नुसत्या पेजेवरही नाही. जेवणात लोणी, साय, अंडं, तेल, असं काहीतरी भरपूर पाहिजे. जेवून उठलं की लगेच कॅप्सूल. चरबी पोटात नसेल तर हे औषध अंगात शिरतच नाही, आलं तसं बाहेर जातं. कळलं का आजी?"

"कळलं," सासू म्हणाली.

"तुमच्या घरी गाई आहेत म्हणजे काय, चैनच आहे," नर्स म्हणाली आणि स्वतःच हसली.

सासूला खरंच कळलं होतं. ती काही बहिरी नव्हती आणि अडाणीही नव्हती. पण परत येताना गाडीत तिनं त्या बोलण्यावर विचार केला, आणि गाव येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

घरात दूध परत येऊन पडत होतं, म्हणून ती रोज लोणी काढत होती. फेकून द्यायचं तिच्या हाताला जमत नव्हतं. लोणी कढवून तूप ती पत्र्याच्या डब्यांत भरायची आणि डबे कोपऱ्यात एकावर एक लावायची. साबणवाला ते घेऊन जाणार होता. घरात मात्र त्यातलं बोटभरही कुणी खायचं नाही, असा तिनं दंडक घातला होता. ज्या दुधाला सरकारी गाडी शिवत नाही, जे परक्या माणसाला पाजायचं नाही, ते आपल्या आजारी सुनेच्या ताटात कसं वाढायचं? ज्या कासेतून हे तिच्या डोळ्यात गेलं, त्याच कासेचं लोणी परत तिच्या पोटात? नर्स शहरातली. तिला लोणी कागदात गुंडाळलेलं माहीत. उद्या काही झालं तर नर्स येणार होती का?

आणि तेल या घरात रांधायला कधी लागलंच नव्हतं, सगळं घरच्या तुपावर व्हायचं. एक बाटली होती, ती दाराच्या बिजागरीसाठी. कोंबड्या मागच्या साथीत गेल्या होत्या.

म्हणून तिनं सुनेसाठी वेगळं पातेलं काढलं. तांदळाची पेज, उकडलेला बटाटा, उकडलेला भोपळा, मीठ. एवढं जपून तिनं स्वतःच्या मुलाचंही कधी केलं नव्हतं. बटाटा ती स्वतः कुस्करायची आणि त्यात चुकून सालाचा तुकडा राहिला तर तो काढून टाकायची.

सुनेनं एकदाच विचारलं. ताट मांडीवर होतं आणि डोळ्यावर पट्टी होती.

"आई, त्या नर्स म्हणाल्या होत्या, लोणी पाहिजे म्हणून."

"नर्सनं आपला गोठा पाहिलाय का?"

सून पेज प्यायली. मग तिनं कॅप्सूल तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दिवस गोठ्यात जात होते. सासू पहाटे उठून गुडघ्यांना फडकं बांधायची, शिंगमोडीचे मागचे पाय दोरीनं आवळायची, कोमट पाण्यानं सड धुवायची, मलम लावायची, धार काढायची. मुलगा वैरण कापायचा, शेण ओढायचा, आणि दुपारी साबणवाल्याच्या निरोपाची वाट पाहत पायरीवर बसायचा. बायकोच्या खोलीत तो फार थांबत नसे. तिच्या उशाशी जाऊन "बरं वाटतंय का" विचारायचा, ती "हो" म्हणायची, आणि तो बाहेर यायचा. त्याला भीती वाटत होती आणि ती कशी दाखवायची हे त्याला येत नव्हतं.

गाईंच्या खपल्या गळायला लागल्या. सुनेचा डोळा उघडेना.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई दिवा धरून बराच वेळ वाकून राहिल्या. बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा धरला होता. उजव्या डोळ्यालाही लाली आली होती.

"कॅप्सूल चुकत नाहीत ना?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"आणि जेवण? सांगितलं तसं, लोणी, अंडी?" हे त्यांनी सुनेला विचारलं.

सासू शेजारच्याच स्टुलावर बसली होती. तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं उघड्या डोळ्यानं एकवार तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

आता बोलावं, असं सासूच्या मनात आलं. तोंडही उघडलं. पण डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या होत्या, मुलगा पुढं वाकून विचारत होता की आता काय, आणि ती वेळ निघून गेली. जिला सगळी गल्ली फौजदार म्हणे ती बाई एका शब्दापाशी अडली, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"लागू का पडत नाहीये कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथंच ठेवू हिला."

सुनेला कोपऱ्यातली खोली दिली. बाहेर पाटी, आत जाताना हातमोजे. सासू रोज सकाळची धार काढून बसनं दवाखान्यात यायची, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा घेऊन. दवाखान्याच्या जेवणावर तिचा विश्वास नव्हता. दवाखान्याचं ताट आलं की सून त्यातला भात तेवढा खायची आणि वरचं तेलकट बाजूला सारायची, कारण सासूनं तसं सांगून ठेवलं होतं.

हे कुणी हुडकून काढलं नाही. ते आपोआपच उघडं पडलं. एके दुपारी तीच हसरी नर्स आत आली, सुनेला आधार देऊन बसवलं, आणि घास भरवायला म्हणून डबा तिनं स्वतः उघडला. पेज, बटाटा, भोपळा. तिनं चमच्यानं ढवळून पाहिलं.

"हे काय आहे?"

"तिचं जेवण," सासू म्हणाली.

"रोज हेच?"

"रोज."

"घरीपण?"

सासूनं मान हलवली. चमचा डब्यातच ठेवून नर्स बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई आल्या. त्या स्टूल ओढून सासूसमोर बसल्या, एवढ्या जवळ की त्यांचे गुडघे लागत होते. त्यांनी विचारलं आणि सासूनं सगळं सांगितलं. कास, गाडी, डबे, साबणवाला. काही लपवलं नाही, आणि आवाज चढवलाही नाही. सांगताना ते तिला अजूनही बरोबरच वाटत होतं, आणि हीच गोष्ट पुढं तिला सगळ्यात जास्त खात राहिली.

"आजी, लोणी कढवल्यावर त्यात काही जिवंत राहत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे ते डबे चांगले होते."

सासू त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. मोजे काढल्यामुळे बोटांवर पांढरी भुकटी होती. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही. घेरीही आली नाही. बाहेर कुणीतरी फरशी पुसत होतं आणि बादलीची कडी वाजत होती, तेवढंच तिला ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून सुनेला नर्सनं समोर बसून भरवलं. उकडलेली दोन अंडी, वर लोण्याचा जाड गोळा, शेंगदाण्याचा लगदा, तेलात परतलेला भात. मग कॅप्सूल. बाटली संपत आली तशी दुसरी मागवली. सुनेला मळमळायचं, पण ती गिळायची. सासू दाराशी उभी राहून पाहायची. डबा आणणं तिनं बंद केलं होतं, तरी बसमध्ये मांडीवर काहीतरी धरलेलं असावं म्हणून ती रिकामी पिशवी आणायची.

उजव्या डोळ्याची लाली ओसरली. ताप उतरला, गाठ बसली, पापणीची खपली पडली. डावा डोळा उघडला. पण तो उघडला काय आणि मिटला काय, सुनेला त्यातून फक्त खिडकी कुठं आहे एवढंच कळत होतं.

घरी सोडायच्या दिवशी मुलगा कागद घ्यायला गेला तेव्हा सासूनं डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"एक विचारू?"

"विचारा."

"पहिल्यापासून लोणी दिलं असतं, तर डोळा राहिला असता?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित राहिला असता. कदाचित डोळ्यात गेलेला रोग तरीही हटला नसता. हे औषध फार थोड्या लोकांना दिलंय."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला खरंच माहीत नाही, आजी."

एवढ्या शिकलेल्या बाईनं हो तरी म्हणावं किंवा नाही तरी. हो म्हणाली असती तर सासूनं ते सोसलं असतं. तिनं आयुष्यात बरंच सोसलं होतं, नवरा, दोन दुष्काळी वर्षं, मेलेली गुरं. पण माहीत नाही, याचं काय करायचं असतं हे तिला कळेना. ते कुठं ठेवावं तेही कळेना.

घरी आल्यावर सासूनं कोपऱ्यातला वरचा डबा काढला, सुरीनं झाकण उचकटलं आणि सुनेच्या भातावर चमचा पालथा केला. मग आणखी एक.

"पुरे आई."

सासूनं तिसरा घातला. स्वतःच्या ताटात तिनं कोरडा भात घेतला.

"तुम्ही नाही घेत?"

"मला नको."

मुलानं दोघींकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागला. साबणवाला येऊन गेला तेव्हा मुलानंच डबे द्यायला नकार दिला होता, का ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते सगळे घरातच होते आणि जेवताना समोर दिसत होते.

टेम्पो पुन्हा दारात थांबू लागला. सासूचे गुडघे पार गेले होते, तेव्हा सून एक दिवस आपणहून बादली घेऊन गोठ्यात गेली. पहिल्या तिघी तिला हुंगून गप्प राहिल्या. शिंगमोडीच्या उजव्या अंगाला ती बसली, डोकं टेकलं, आणि तेव्हा तिला समजलं. तसं बसलं की गाईचा मागचा पाय आणि शेपूट डाव्या हाताला येतं. त्या बाजूला आता तिला काहीच दिसत नव्हतं. लाथ आली ती बादलीवर बसली आणि दूध शेणात गेलं.

सुनेनं तिपाई उचलून दुसरीकडे मांडली. पण गाईला लहानपणापासून ज्या अंगाची सवय, तेच अंग ती देते. शिंगमोडी गरागरा फिरली, दावं ताणलं, आणि दुधाचा थेंब सोडेना. सून पुन्हा उजवीकडे आली. बादली धुतली. बसली. हात सडापर्यंत नेला आणि तिथंच थांबली. तिचे खांदे आवळलेले होते, मार खायची वाट पाहावी तसे.

सासू दारातून पाहत होती. ती भिंतीला धरत आत आली, गवताची पेंढी ओढली आणि सुनेच्या डाव्या हाताला, शिंगमोडीच्या मागच्या पायाशी कण्हत खाली बसली. एका हातानं तिनं शेपूट धरलं, दुसरा गाईच्या गुडघ्यावर ठेवला.

"काढ आता."

सून धार काढू लागली. बादलीत आधी पत्र्याचा आवाज, मग फेसाचा. दोघी गाईच्या अंगाच्या वासात बसल्या होत्या आणि सासूला सुनेचा पांढरा डोळा अगदी जवळून दिसत होता. सुनेला ती दिसत नव्हती. कदाचित म्हणूनच सासूला बोलता आलं.

"त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना हो का म्हणालीस?"

सुनेचे हात थांबले नाहीत.

"तुम्ही शेजारी बसला होता ना," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर तुम्हाला उघडं कसं पाडायचं?"

सासूनं शेपटाची पकड घट्ट केली. गोठ्यात माशा घोंगावत होत्या. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, अजून दोन घरं लांब.

शिंगमोडीनं पाय हलवला. सून दचकली, पण उठली नाही.

"आई, आहात का?"

गाईच्या गुडघ्यावरचा हात सासूनं तसाच दाबून धरला.

"आई?"

"आहे," सासू म्हणाली. "इथंच आहे. तू काढ."